बंदुकीचा परवाना: अर्ज, प्रशिक्षण आणि फाइल नेमकी कुठे अडते

फाइल कुठे द्यायची, हे तुमचं घर कोणत्या हद्दीत आहे त्यावर ठरतं. छत्रपती संभाजीनगरच्या पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे. ग्रामीण भागात आणि मराठवाड्यातल्या बाकी सात जिल्ह्यांत तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत. 9 एमएमसारख्या प्रतिबंधित बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) शस्त्र या पातळीवर मिळत नाही, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा. त्यामुळे सामान्य माणसाचा अर्ज असतो तो बारा बोअर, .32 रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, नाहीतर .315 रायफलसाठी.

वय 21 पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर शिक्षा संपल्यापासून 5 वर्षं परवाना मिळत नाही. शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून दिला असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंतही नाही. नुसता गुन्हा दाखल असला म्हणजे अर्ज आपोआप बाद होत नाही, पण तो लपवला तर फाइल तिथेच संपली असं समजा. सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदींच्या संगणक प्रणालीवर, नाव टाकलं की जुने गुन्हे पोलिसांना दिसतातच. बीड जिल्ह्यात 2025 च्या सुरुवातीला गुन्हे दाखल असलेल्या अनेक परवानाधारकांवर रद्दची कारवाई झाली. तेव्हापासून चारित्र्य पडताळणी वरवरची होईल अशी आशा कुणी ठेवू नये.

अर्ज नमुना ए-1 मध्ये, एनडीएएल-एएलआयएस या शस्त्र परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर भरायचा. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, नमुना एस-1 मधलं सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि नमुना एस-3 मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र. एस-3 मध्ये शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीबरोबर अर्जदार नशेच्या पदार्थांच्या आहारी नाही, हा उल्लेख स्पष्ट लागतो. साध्या लेटरहेडवरचा ‘फिट’ असा दाखला चालत नाही. आधार, सातबारा आणि शाळेचा दाखला यांवर नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. त्रुटीचं पत्र बहुतेक वेळा यावरूनच निघतं.

खरी फाइल अडते ती कारणावर. ‘जीविताला धोका आहे’ एवढं लिहून भागत नाही. धमकीची तक्रार दिली असेल तर तिची पोच जोडा. रोख रक्कम घेऊन फिरावं लागत असेल तर व्यवसायाची नोंदणी, आयकर विवरणपत्रं आणि बँकेचा उतारा. पिकांसाठी मागत असाल तर सातबारा आणि रानडुक्कर, रोही यांनी केलेल्या नुकसानीचे वन विभागाचे पंचनामे. मात्र परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली असं नाही. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते, आणि काळवीट तर या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांना अर्ज दिल्यावर कळते. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. कन्नडकडचं गौताळा, पाटोद्याजवळचं नायगाव मयूर, येडशी रामलिंग, पैठणचं जायकवाडी, किनवटकडचं पैनगंगा, यांच्या आसपासच्या गावांनी हे आधीच धरून चालावं.

पोलीस अहवालासाठी नियमात 30 दिवस आहेत, आणि अहवाल आल्यावर निर्णयासाठी 60. बीट अंमलदार, म्हणजे तुमच्या भागाचा पोलीस, घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, शस्त्र कुठे ठेवणार ते पाहतो. भिंतीत पक्कं बसवलेलं, कुलूपबंद लोखंडी कपाट तेव्हाच दाखवता आलं तर उत्तम. नकार आला तर कारणासह लेखी आदेश मागून घ्या. आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र निव्वळ कागदासाठी मिळवणारे लोक पाहिले की काळजी वाटते. अभ्यासक्रमात सुरक्षित हाताळणी, साठवण आणि वाहतूक, गोळीबाराचं तंत्र, शस्त्राची निगा आणि कायद्याची ओळख असते. यातली हाताळणी हाताला सवय होईपर्यंत करून घ्या. पिस्तूल रिकामं करताना आधी मॅगझिन (गोळ्यांचा खण) काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढायची, आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, डोळ्यांनी बघून बोटानेही चाचपायचा. क्रम उलटा झाला तर चेंबरमधली गोळी न उडता बाहेर पडते, पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधली दुसरी आत घेते. मग मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं वाटतं. रिकाम्या समजलेल्या पिस्तुलातून गोळी सुटते ती अशी.

बारा बोअर शेतात नेताना नळीत काळी माती गेली का, हे रिकामी बंदूक मधून उघडून उजेडात पाहा. गच्च बसलेला चिखल नळी फाडू शकतो. वीस बोअरचं, म्हणजे बारीक, काडतूस बारा बोअरमध्ये चुकून गेलं तर ते पुढे सरकून अडकतं, चेंबर रिकामा दिसतो, आणि मागून बारा बोअरचं भरून चाप ओढला की नळी हाताजवळ फुटते. दोन्ही बोअरची काडतुसं एका पिशवीत कधीही ठेवू नका. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबा, मगच उघडा.

लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीने हे शस्त्र कायद्यात स्पष्ट आलं. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं राहू शकतात आणि परवान्याची मुदत 5 वर्षं झाली.

आजोबांची किंवा वडिलांची बंदूक घरात असेल तर जास्त जपा. परवानाधारक वारल्यावर ती माळ्यावर ठेवून देणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणं, आणि त्याला किमान 2 वर्षांची शिक्षा आहे. लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. बाकी वारसांचं ना-हरकत शपथपत्र जोडा. परवानाधारक हयात असतानाही त्यांचं वय 70 झालं असेल किंवा शस्त्र 25 वर्षं त्यांच्याकडे असेल, तर ते वारसाचं नाव सुचवू शकतात. ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुकीलाही परवाना लागतोच.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी द्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर जमा करताना पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. परत घेताना वाद होतो तो काडतुसांच्या संख्येवरूनच.