अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मिनरल राइट्स (जमिनीखालच्या तेल-खनिजावरचा हक्क) आहेत आणि पूलिंगची नोटीस आलीय? मग हे वाचा

तेल काही बांध बघून थांबत नाही, शेजारी विहीर पडली की तुमच्या जमिनीखालचंही तिकडे ओढलं जातं. म्हणून ओक्लाहोमात विहिरीसाठी ठराविक क्षेत्राचं युनिट पाडतात, बऱ्याचदा ६४० एकराचं, आणि आतल्या मालकांना एकराच्या हिशोबाने वाटा मिळतो. एखाद्या मालकाशी लीज (तेल काढू देण्याचा करार) जमलं नाही तर कंपनी ओक्लाहोमा कॉर्पोरेशन कमिशन या सरकारी नियामकाकडे पूलिंगचा, म्हणजे त्या मालकाचा वाटाही सक्तीने युनिटमध्ये घेण्याचा, अर्ज करते. अर्ज कंपनीचा, तुम्ही द्यायचं ते उत्तर. पटत नसेल तर सुनावणीत हरकतही घेता येते.

आधी बघा की खालचं खनिज खरंच तुमच्या नावावर आहे का, कारण तिथे वरची जमीन आणि मिनरल राइट्स वेगवेगळे विकता येतात आणि मागच्या मालकाने ते स्वतःकडे राखलेले असू शकतात. खरेदीखताची काउंटी क्लर्ककडची नोंद काढा. वारसाने मिळालं असेल तर प्रोबेटचे (कोर्टातून वारसा लावल्याचे) कागद लागतील. लीजवर आधीच सही केली असेल तर तुम्हाला पूलिंगच्या पर्यायांतून निवड करायची नसते, लीजमधली रॉयल्टी, म्हणजे उत्पादनातला ठरलेला हिस्सा, मिळते.

कमिशनची पूलिंग ऑर्डर निघाली की खरी घाई. त्यातला पर्याय निवडायला सहसा २० दिवस मिळतात आणि ते ऑर्डरच्या तारखेपासून मोजतात, पाकीट हातात पडल्यापासून नाही! एक पर्याय म्हणजे खर्चात भागीदारी. समजा तुमचे १० एकर आहेत आणि विहिरीचा खर्च ८० लाख डॉलर, तर तुमच्या वाट्याला सव्वा लाख डॉलर येतात, आणि विहीर कोरडी निघाली तर ते गेले. दुसरा म्हणजे एकरकमी रोख बोनस आणि रॉयल्टी, यात खिशातून काही जात नाही. साध्या मालकाने हाच घ्यावा असं मला मनापासून वाटतं. बोनस जास्त की रॉयल्टी जास्त असेही पर्याय असतात, ते नीट वाचा. उत्तरच दिलं नाही तर ऑर्डरमध्ये गप्प बसणाऱ्यांसाठी जो पर्याय लिहिलाय तोच तुम्ही घेतला असं धरतात, म्हणून लेखी उत्तर सर्टिफाइड मेलने पाठवा, पावती जपा आणि पत्ता बदलला असेल तर काउंटीच्या नोंदीतही बदलून घ्या.

पुढे पैसे सुरू व्हायच्या वेळी टॅक्सचा फॉर्म आणि डिव्हिजन ऑर्डर (तुमचा वाटा किती ते लिहिलेला कागद) येते. त्यातला वाट्याचा दशांश अपूर्णांक स्वतः तपासा: १० भागिले ६४०, गुणिले रॉयल्टी. रॉयल्टी तीन-सोळांश असेल तर ०.००२९२९६९ यायला हवं, वेगळं आलं तर सही करायच्या आधी फोन करून विचारा.