१७५ एसआर १४ : न लिहिलेल्या आकड्याची पार्श्वभूमी

मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतल्या (१९७६ ते १९८६) साध्या सेडानच्या कागदपत्रांत टायरचा साइज '१७५ एसआर १४' असा असतो. रुंदी १७५ मिलिमीटर, रिमचा व्यास १४ इंच; आर म्हणजे रेडियल, एस चा अर्थ पुढे येईल. मध्ये एक आकडा असायला हवा, तो नाही. रुंदीच्या किती टक्के उंची, म्हणजे प्रोफाइल, हे त्या काळी लिहीतच नसत. आज या गाडीला टायर घेताना होणाऱ्या बहुतेक चुका या न लिहिलेल्या आकड्यापाशी सुरू होतात.

रेडियल, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेल्या टायरचं पेटंट फ्रान्समध्ये १९४६ साली झालं आणि १९४९ पासून तो विक्रीला आला. सुरुवातीला एकच प्रोफाइल होतं, मग ते लिहायचं कशाला? साठच्या दशकाच्या अखेरीस ७० प्रोफाइलचे टायर आले, तेव्हा '१९५/७०' अशी तिरकी रेघ मारून लिहिणं भाग पडलं. जुने, पूर्ण उंचीचे टायर मात्र तसेच बिनआकड्याचे राहिले.

हा आकडा ८२ की ८०, यावर जाणकारांत आजही एकमत नाही. ८२ म्हणणारे त्या काळच्या क्रॉस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या) टायरांच्या उंचीचा दाखला देतात आणि जुन्या पुस्तकांतही तेच छापलेलं असतं. गणित करून बघावं. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. ८२ धरले तर टायरचा व्यास ६४२.६ येतो, ८० धरले तर ६३५.६. फरक सात मिलिमीटरचा, जेमतेम १.१ टक्का. युरोपातल्या टायर उद्योगाच्या प्रमाण सारणीत १७५ आर १४ चा व्यास ६३४ आहे, म्हणजे कौल ८० च्या बाजूने. १४५ आर १३ सारख्या अरुंद टायरमध्ये सारणीतला आकडा ८१ च्या वर जातो, त्यामुळे ८२ वाले अगदीच चूक असंही नाही. पण डब्ल्यू १२३ पुरतं ८० धरावं, त्यात शंका ठेवू नये.

एवढ्याशा फरकाचा एवढा ऊहापोह कशासाठी, तर चूक पुढे वाढत जाते म्हणून. ८२ धरून 'जवळचा' साइज शोधणारा १९५/७५ आर १४ पाशी पोचतो. त्याचा व्यास ६४८, खऱ्यापेक्षा दोन टक्के मोठा. टायर मोठा झाला की स्पीडोमीटर कमी दाखवू लागतो आणि युरोपीय नियमात नेमकी हीच गोष्ट चालत नाही. काटा जास्त दाखवेल, कमी कधीच नाही. शिवाय पुढचं चाक पूर्ण वळवल्यावर मडगार्डच्या आतल्या कडेशी जागा आक्रसते. उलट बाजूला, दुकानात सहज मिळतो म्हणून १८५/७० आर १४ बसवला जातो. तो ६१४.६, म्हणजे ३.३ टक्के लहान. गाडी खाली बसते, इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं, आणि मुळातच संथ असलेल्या डिझेल गाडीत महामार्गावर हा गोंगाट लगेच कानाला जाणवतो.

१९५/७० आर १४ हा बदल मात्र खुद्द कारखान्याचा. जास्त ताकदीच्या मॉडेलांवर तो पहिल्यापासून होता आणि ६२८.६ व्यासामुळे मूळच्या अगदी जवळ बसतो. साडेपाच इंच रुंदीच्या स्टील रिमवरही तो चालतो. पकड वाढते, ओल्या रस्त्यावर ब्रेक बरे लागतात. तरीही २४० डी सारख्या ७२ अश्वशक्तीच्या डिझेल गाडीला अरुंद १७५ च जास्त शोभतो: स्टिअरिंग हलकं, चाल मऊ आणि खड्ड्यात रिमला आधार जास्त. १५ इंची अलॉय (मिश्रधातूची) चाकं घातलेल्यांसाठी २०५/६० आर १५ आहे, व्यास ६२७.

'एसआर' मधला एस म्हणजे स्टील नव्हे. हा गैरसमज टायरच्या दुकानांतही ऐकू येतो. एस ही ताशी १८० किलोमीटरची वेगमर्यादा, एच म्हणजे २१०. पूर्वी हे अक्षर साइजच्या पोटातच लिहीत. पुढे ते वजनाच्या निर्देशांकासह शेवटी गेलं: १७५ आर १४ ८८ टी. इथे ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो आणि टी म्हणजे १९०. वजन आणि वेग दोन्ही मूळपेक्षा वर गेलेले चालतात, खाली नाही. व्ही हे अक्षर तर फसवंच. जुन्या व्हीआरचा अर्थ '२१० च्या पुढे' इतकाच होता, आजचा व्ही २४० ला थांबतो.

साइजच्या मागे 'सी' असेल तर टायर व्हॅनचा. १७५ आर १४ सी रिमवर नीट बसतो, स्वस्तही पडतो. पण त्याच्या भिंती जड मालासाठी आणि जास्त हवेसाठी बनलेल्या असतात. सेडानच्या हवेवर तो धड दबत नाही, ओल्यात घसरतो, आणि हवा वाढवली तर गाडी दगडासारखी चालते. तो घेऊ नये.

गेल्या पंधरा वर्षांत गणित आणखी बदललं. युरोपात २०१२ पासून टायरवर इंधनबचत, ओली पकड आणि आवाज यांचं लेबल लागू झालं, २०२१ च्या मे महिन्यात नवं लेबल आलं. फक्त १ ऑक्टोबर १९९० पूर्वी नोंदलेल्या गाड्यांसाठीच बनवलेले टायर त्यातून वगळले आहेत. म्हणजे जुन्या नक्षीच्या टायरची ओली पकड लेबलवरून कळतच नाही. नेहमीच्या कारखान्यांनी १४ इंचीचे साचे कमी करत आणले, आणि जुन्या गाड्यांसाठी मुद्दाम काढलेले टायर महाग झाले. भारतात जून २०२० पासून नव्या टायरची आयात परवान्याखाली गेली, शिवाय आयएसआय चिन्ह लागतंच; त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या मालकाला एखादा संच सहज मागवता येत नाही. पुण्यात १९९५ पासून जोडलेल्या डब्ल्यू १२४ या पुढच्या मालिकेला ही अडचण नाही, तिचा १९५/६५ आर १५ कुठेही मिळतो.

जपून ठेवलेले टायर विकत घेताना बाजूच्या भिंतीवरचा डीओटी क्रमांक (अमेरिकी वाहतूक खात्याच्या पद्धतीचा, ज्यात बनावटीची तारीख असते) वाचावा. शेवटचे चार आकडे '२३१९' असतील तर २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० पूर्वीचा, विषय संपला. डिकीतली मूळ स्टेपनी बहुधा अशीच सापडते: रबराचे बारीक केस अजून शाबूत, नक्षी कोरी करकरीत, आणि अंगठ्याचं नख रोवलं तर खूणही उठत नाही. नक्षीच्या खाचा वाकवून पाहिल्या की तळाशी चिरा दिसतात. दहा वर्षांपुढचा टायर, कितीही कोरा दिसला तरी, रस्त्यावर आणू नये.

स्टीलऐवजी अलॉय चढवताना बोल्टही बदलावे लागतात. स्टीलचे आखूड बोल्ट अलॉयमध्ये पुरेसे आटे धरत नाहीत. अलॉयचे लांब बोल्ट स्टील रिमला लावले तर मागे आत हँडब्रेकच्या भागांना घासतात. आवळणी ११० न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानेच, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.