जैवविविधता वारसा स्थळाचा प्रस्ताव : पात्रता, कागदपत्रे आणि कार्यपद्धती

सह्याद्रीतले कातळसडे, म्हणजे माथ्यावरची सपाट खडकाळ पठारे, सातबाऱ्यावर बहुधा ‘पोटखराबा’ (लागवडीस अयोग्य जमीन) म्हणून नोंदलेले असतात. पावसाळ्यात मात्र तिथल्या बोटभर मातीत दवबिंदू, सीतेची आसवे आणि कंदीलपुष्पे अशा वनस्पती उगवतात, आणि सड्यांवरच्या काही वनस्पती तर पश्चिम घाटाबाहेर कोठेही आढळत नाहीत. अशा क्षेत्राच्या संरक्षणाचा एक मार्ग जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३७ मध्ये आहे : राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून ते क्षेत्र ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून राजपत्रात अधिसूचित करू शकते.

प्रदेशनिष्ठ (ठरावीक प्रदेशातच आढळणाऱ्या), दुर्मिळ किंवा संकटग्रस्त प्रजातींचे अस्तित्व, पिकांचे रानटी पूर्वज, प्रजातींची विपुलता, सांस्कृतिक महत्त्व यांपैकी एक निकषही पात्रतेला पुरेसा ठरू शकतो. क्षेत्र विस्तीर्णच हवे, हा समज चुकीचा आहे. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील जायफळकुळातील वृक्षांची दलदल जेमतेम २.५९ हेक्टर असूनही वारसा स्थळ ठरली.

कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करायची असते, आणि प्रस्ताव तिच्यामार्फत जाणे उत्तम. अभ्यासक किंवा संस्था मदत करू शकतात, पण ग्रामसभेच्या ठरावाविना प्रस्ताव लंगडाच राहतो. ठरावाच्या वेळी ‘आमची चराई बंद होणार का?’ हा प्रश्न हमखास येतो. गावाने स्वतःहून ठरवलेली बंधने वगळता प्रचलित वहिवाटीवर निर्बंध आणू नयेत, अशीच वारसा स्थळांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांची भूमिका आहे. म्हणून चराई, गवतकापणी आणि देवस्थानाच्या प्रथा ठरावातच स्पष्ट लिहाव्यात. अधिसूचनेमुळे कोणाचे आर्थिक नुकसान झाल्यास भरपाई किंवा पुनर्वसनाची योजना करणे कलम ३७ नेच शासनावर सोपवले आहे.

ठरावासोबत गट क्रमांक व सीमा दाखवणारा नकाशा, सातबारा उतारे, लोकजैवविविधता नोंदवहीतील (गावातील जीवसृष्टी व तिच्याविषयीच्या स्थानिक ज्ञानाच्या नोंदींच्या वहीतील) संबंधित पाने, सध्याच्या धोक्यांचे टिपण आणि व्यवस्थापनाचा आराखडा जोडावा. जमीन वन विभागाची असल्यास त्या विभागाशी झालेला पत्रव्यवहारही लावावा.

सर्वाधिक कष्ट वनस्पतींच्या यादीवर घ्यावेत. एका फेरीत ती पूर्ण होत नाही, कारण जूनमध्ये दिसणारे कंद सप्टेंबरात ओळखू येत नाहीत आणि गवतांची ओळख पटायला तुरे यावे लागतात. ‘पिवळे रानफूल’ अशी नोंद निरुपयोगी आहे; ती सोनकी की कवला, हे शास्त्रीय नाव, दिनांक, नेमके ठिकाण आणि छायाचित्रासह लिहावे. पुराव्यासाठी कंदीलपुष्पाचा कंद उपटणे म्हणजे प्रस्तावाच्या हेतूवरच कुदळ मारणे होय. ओळखीबाबत शंका असल्यास महाविद्यालयाच्या वनस्पतीशास्त्र विभागाकडून किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्राकडून खातरजमा करून घ्यावी.

पूर्ण प्रस्ताव नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवावा. शासनाच्या अधिसूचनेपर्यंतचा पुढील पाठपुरावा मंडळाच्या शिफारशीवर अवलंबून असतो. एक प्रत आणि पोच ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी, कारण पंचायतीची मुदत पाच वर्षांची असते आणि नव्या सदस्यांना जुन्या पत्रव्यवहाराची माहिती असतेच असे नाही.