सर्व्हिस सुरू होत नाही, तेव्हा तिच्या खाली बघा

पावसाची सर येते, वीज जाते, अर्ध्या तासानं परत येते. दिवे लागतात, वाय-फायही येतं. पण हॉलमधल्या टीव्हीवर आतल्या खोलीतल्या संगणकातले चवथीचे व्हिडिओ काही दिसत नाहीत. संगणकापाशी जाऊन शेअरिंगची सर्व्हिस (विंडोजमध्ये पडद्यामागं चालणारा प्रोग्राम) हातानं सुरू करायला जावं, तर चौकट उघडते: त्रुटी १०६८. ही सर्व्हिस ज्या सर्व्हिसवर अवलंबून आहे, ती सुरू झालेली नाही.

हे वाक्य सहसा कुणी पूर्ण वाचत नाही. 'एरर आला' एवढंच दिसतं आणि विंडोज नव्यानं टाकायच्या गोष्टी सुरू होतात. खरं तर इतका सरळ संदेश विंडोज क्वचितच देते. जिच्या नावानं तक्रार आली ती सर्व्हिस बहुधा धडधाकट असते. बिघाड तिच्या एक-दोन थर खाली असतो. गणपतीवर फळं टांगायच्या माटोळीचा लाकडी सांगाडा छताला पक्का बांधलेला नसेल तर नारळाचे घोस टांगता येत नाहीत, त्यात नारळाचा काय दोष?

तेव्हा पहिलं काम सांगाडा शोधण्याचं. स्टार्ट मेनूत 'सर्व्हिसेस' शोधून ती खिडकी उघडा. अडलेल्या सर्व्हिसवर दोनदा क्लिक केलं की 'डिपेन्डन्सीज' नावाचा टॅब दिसतो. त्यात दोन याद्या असतात. वरच्या यादीत ही सर्व्हिस कुणावर उभी आहे ते, आणि खालच्या यादीत हिच्यावर कोण उभं आहे ते. आपल्याला हवी ती वरची. त्यातलं एकेक नाव शोधायचं, ते चालू आहे का बघायचं, नसेल तर त्याच्याही वरच्या यादीत डोकवायचं. साखळीतली सगळ्यात खालची बंद कडी सापडली की ती सुरू करायची आणि मग तिथून वर यायचं. वरून खाली सुरू करायचा प्रयत्न केलात तर प्रत्येक पायरीवर तोच १०६८ भेटेल.

हे हातानं करायचा कंटाळा असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं 'सिस्टम' निवडा आणि 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर'कडून आलेल्या नोंदी बघा. क्रमांक ७००१ची नोंद सांगते, की अमुक सर्व्हिस तमुकीमुळे अडली. ७००० आणि ७०२३ या नोंदींत प्रत्यक्ष बिघडलेली सर्व्हिस आणि तिचं कारण असतं. खिडकीत सर्वांत वर ताजी नोंद असते, पण आपल्याला संगणक सुरू झाल्यानंतरची सर्वांत पहिली लाल नोंद हवी. पुढच्या बहुतेक नोंदी हे तिचेच पडसाद असतात.

टीव्हीवर व्हिडिओ पाठवणारी 'विंडोज मीडिया प्लेयर नेटवर्क शेअरिंग सर्व्हिस' हे या साखळीचं चांगलं उदाहरण. तिला 'विंडोज सर्च' लागते, कारण फाइलींची सूची तिथून मिळते. घरातली इतर उपकरणं शोधायला 'यूपीएनपी डिव्हाइस होस्ट' लागते, आणि ती स्वतः 'एसएसडीपी डिस्कव्हरी'वर उभी असते. या खालच्या दोघींपैकी एक जरी बंद असली तरी मीडिया शेअरिंग सुरू होत नाही आणि सिस्टमच्या नोंदींत १४३३२ क्रमांक दिसतो. त्या नोंदीतच 'यूपीएनपी होस्ट चालू आहे का बघा' असं लिहिलेलं असतं.

आता या सर्व्हिस बंद पडतातच कशा? वीज जाण्याचा इथे फारसा संबंध नसतो. 'संगणक वेगवान करा' छापाच्या व्हिडिओंमध्ये विंडोज सर्च बंद करायचा सल्ला हमखास असतो. काटछाट केलेली विंडोज घातलेले जुने लॅपटॉप विकले जातात, त्यांत एसएसडीपी आणि यूपीएनपी आधीच 'डिसेबल्ड' असतात. अशा वेळी त्रुटी येते ती १०५८. उपाय सोपा: सर्व्हिसच्या गुणधर्मांत स्टार्टअप प्रकार 'मॅन्युअल' करा, 'अप्लाय' दाबा आणि मगच 'स्टार्ट'. अप्लाय न दाबता स्टार्टचं बटण जिवंतच होत नाही, यावर बरेच जण अडतात.

१०७९ ही त्रुटी वेगळी. विंडोजमध्ये अनेक सर्व्हिस एकाच प्रक्रियेत राहतात आणि त्या सर्वांचं खातं एकच असावं लागतं. कुणीतरी 'लॉग ऑन' टॅबमध्ये जाऊन एकीला 'लोकल सिस्टम' हे खातं दिलं, की बिनसलं. यूपीएनपी डिव्हाइस होस्टचं खातं 'लोकल सर्व्हिस' असतं. ते परत लिहून पासवर्डच्या दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवायच्या. १०५३ म्हणजे सर्व्हिसनं ३० सेकंदांत उत्तर दिलं नाही. जुन्या हार्ड डिस्कवर, संगणक सुरू होतानाच्या गर्दीत हे होतं. स्टार्टअप प्रकार 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' केला की बहुधा भागतं.

आणखी एक गोष्ट. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असलं तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा खऱ्या अर्थानं बंद होत नाही, डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि पुन्हा जसाच्या तसा उठवला जातो. अडकलेली सर्व्हिसही तशीच उठते. म्हणून दुरुस्तीनंतर 'बंद करून चालू' नव्हे, 'रीस्टार्ट'च करायचं.

फाइल शेअरिंगचं दुखणं थोडं निराळं आहे आणि त्याला एक तारीख आहे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूनं जगभर धुमाकूळ घातला. त्याचा रस्ता होता फाइल शेअरिंगच्या एसएमबी या भाषेची पहिली, जुनाट आवृत्ती. त्यातली फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं, पण असंख्य संगणकांवर ते चढलंच नव्हतं. मग एसएमबी-१ बंद करायची लाट आली, आणि विंडोज ७वर अनेकांनी तिचा ड्रायव्हर तेवढा बंद केला. पण 'वर्कस्टेशन' सर्व्हिसच्या आधारांच्या यादीत त्या ड्रायव्हरचं नाव होतं. ते न काढल्यामुळे वर्कस्टेशन उठेना, आणि दुसऱ्या संगणकावरचं एकही फोल्डर उघडेना. पुन्हा तोच १०६८. असे संगणक अजूनही छोट्या दुकानांत बिलिंगला जुंपलेले दिसतात. तिथे एससी या आज्ञेनं वर्कस्टेशनची यादी नव्यानं लिहावी लागते. 'डिपेंड' शब्दानंतरच्या बरोबरच्या चिन्हाला चिकटून शब्द लिहायचा नाही, मध्ये एक जागा सोडायची, नाहीतर आज्ञा चालत नाही. एसएमबी-१ पुन्हा चालू करणं हा उपाय नव्हे, कितीही व्हिडिओंत सांगितला असला तरी.

विंडोज १०च्या २०१७मधल्या १७०९ आवृत्तीपासून नव्या संगणकांवर एसएमबी-१चा सर्व्हर आपोआप येत नाही, आणि 'होमग्रुप' २०१८च्या १८०३ आवृत्तीत काढून टाकलं गेलं. जुना लेख वाचून होमग्रुपच्या सर्व्हिस शोधत बसलात तर त्या सापडणार नाहीत. एसएमबी-१ गेल्यावर 'नेटवर्क' खिडकीत शेजारचे संगणक दिसण्याची जुनी सोयही गेली. ते काम आता 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सर्व्हिस करते. 'नेटवर्क डिस्कव्हरी' चालू करावी आणि खिडकी पुन्हा उघडली की ती बंदच दिसावी, हा छळ माहीत असेल तर कारणही घ्या: ही सर्व्हिस, एसएसडीपी डिस्कव्हरी, यूपीएनपी डिव्हाइस होस्ट आणि डीएनएस क्लायंट या चौघींपैकी कुणीतरी झोपलेली आहे.

दिसणं आणि चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच लक्षात ठेवलं तर पुष्कळ वेळ वाचतो. यादीत संगणक दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत थेट \\१९२.१६८.१.२० असा त्याचा आयपी पत्ता टाका (आकडे अर्थात इंग्रजीत). फोल्डर उघडलं तर सर्व्हिस ठणठणीत आहे, फक्त हाकारा पोचत नाही. उघडलं नाही तर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा देऊन ४४५ क्रमांकाचं पोर्ट (शेअरिंगचं दार) उघडं आहे का बघा. बंद असेल तर आधी नेटवर्क 'पब्लिक' झालंय का ते तपासा, कारण पब्लिक असताना विंडोजची फायरवॉल शेअरिंग अडवते. राउटर बदलला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजते आणि हे आपसूक होतं. पोर्ट उघडं असूनही पासवर्ड चुकीचा म्हणत असेल, तर बहुधा तुम्ही चार आकडी पिन टाकत आहात. शेअरिंगला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. पिन चालत नाही आणि बिनपासवर्डचं खातंही चालत नाही. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत तर पाहुणा म्हणून, नावपासवर्डाशिवाय, जुन्या नॅस डिस्कमध्ये (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कमध्ये) शिरायची सोयही मुळातच बंद असते. नॅसवर खातं उघडा, हाच सुरक्षित मार्ग.

आता वीज. ज्यांनी कोपऱ्यात रास्पबेरी पाय हा इवलासा संगणक किंवा जुना लिनक्स संगणक ठेवून त्याला मोठी यूएसबी डिस्क लावली आहे, त्यांचं दुखणं खरोखर वीज गेल्यामुळेच सुरू होतं. वीज आली की सगळी उपकरणं एकाच क्षणी उठतात, पण तयार व्हायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. पाय लवकर तयार होतो. फायबरचा डबा आणि राउटर मागून येतात. पायला आयपी पत्ता देणारं कुणी जागं नसतं. सांबाचा (लिनक्सवर फाइल शेअरिंग करणाऱ्या प्रोग्रामचा) नाव जाहीर करणारा भाग, एनएमबीडी, नेटवर्कची वाट बघत बसतो आणि मुदत संपली की लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणारी सिस्टमडी त्याला अयशस्वी ठरवून मोकळी होते. विंडोजचा संगणक याच अवस्थेत १६९.२५४नं सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. तसा पत्ता दिसला की सर्व्हिसकडे बघूच नका, राउटरकडे बघा.

उपाय युनिटच्या, म्हणजे सिस्टमडीतल्या त्या सर्व्हिसच्या मांडणीच्या, फाइलीत आहे. सिस्टमसीटीएल एडिट वापरून 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन्ही ओळींत नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट लिहा. एकटं 'आफ्टर' फक्त क्रम ठरवतं, ते टार्गेट ओढून आणत नाही, म्हणून दोन्ही. खाली 'रीस्टार्ट' ऑन-फेल्युअर आणि 'रीस्टार्टसेक' ३० ठेवा, म्हणजे पहिल्या खेपेला हुकलं तरी अर्ध्या मिनिटानं पुन्हा प्रयत्न होईल. राउटरमध्ये पायसाठी पत्ता राखून ठेवा. सांबाच्या मांडणीत 'इंटरफेसेस'समोर जुना पत्ता लिहिलेला असेल आणि राउटरनं नवा दिला असेल, तर सगळं बरोबर दिसूनही बिनसतं. मांडणीची फाइल टेस्टपार्मनं तपासता येते. आणि डेबियन किंवा उबंटूवर 'सांबा' ही सर्व्हिस 'मास्क्ड' (मुद्दाम बंद केलेली) दिसली तर घाबरू नका. तिथे एसएमबीडी आणि एनएमबीडी या नावांनीच काम चालतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे सर्व्हिस सुरू होते, पण डिस्क आलेली नसते. अशा वेळी सांबा तक्रार करत नाही. डिस्क जिथे जोडली जायची तो रिकामा फोल्डर तो खुशाल वाटायला काढतो. घरच्यांना वाटतं फोटो गेले. कुणी त्यात नव्या फाइली टाकल्या तर त्या गुपचूप मेमरी कार्डावर जातात आणि ते भरलं की दुसऱ्या दिवशी खरोखरच काही सुरू होत नाही. टीव्हीला व्हिडिओ पुरवणारा मिनिडीएलएनए तर रिकामा फोल्डर वाचून आपली जुनी सूचीच पुसून टाकू शकतो. यासाठी युनिटमध्ये 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही ओळ घालून डिस्कचा मार्ग लिहा: डिस्क नाही तर सर्व्हिस नाही. एफएसटॅबमध्ये (जोडायच्या डिस्कच्या यादीत) डिस्क यूयूआयडी या तिच्या ओळख-क्रमांकानं ओळखवा आणि 'नोफेल' लिहा, नाहीतर डिस्क न आल्यास पाय अर्धवट सुरू होऊन इमर्जन्सी मोडमध्ये अडकेल. डिस्क काढलेली असताना तो रिकामा फोल्डर सीएचॲटर प्लस-आय या आज्ञेनं कुलूपबंद केला, तर चुकून कुणी त्यात लिहूही शकत नाही.

डिस्क का आली नाही? एक कारण वीजपुरवठ्याचं. रास्पबेरी पाय ४ आपल्या सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच देतो, आणि अडीच इंची फिरती डिस्क सुरू होताना एकटीच १ अँपिअरच्या आसपास मागू शकते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावा. दुसरं कारण, डिस्क एनटीएफएस असेल आणि लिहिता लिहिता वीज गेली असेल, तर तिच्यावर 'अस्वच्छ' असा शिक्का राहतो. लिनक्स मग ती जोडायला नकार देतो किंवा फक्त वाचण्यापुरती जोडतो. ती विंडोजला लावून चेकडिस्क एफ पर्यायासह चालवा. कायमची पायलाच राहणार असेल तर ती ईएक्सटी-४मध्ये फॉरमॅट केलेली बरी. अर्थात आधी डेटा दुसरीकडे हलवून.

चिऱ्याच्या जाड भिंतींच्या लांबलचक घरात एक राउटर पुरत नाही, म्हणून मागच्या खोल्यांसाठी दुसरा येतो. तो तसाच जोडला की घरात दोन वेगळी जाळी तयार होतात: पुढे १९२.१६८.१ आणि मागे १९२.१६८.०. उपकरणं एकमेकांना शोधतात ती २३९.२५५.२५५.२५० या गटपत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवरून हाक मारून. आणि ती हाक राउटर ओलांडत नाही. दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका. तो मोड नसेल तर त्याचं पत्ते वाटणारं डीएचसीपी बंद करा, त्याला पहिल्याच्या जाळ्यातला मोकळा पत्ता द्या आणि केबल वॅनऐवजी लॅनच्या भोकात लावा.

होमस्टे चालवणाऱ्यांनी मात्र हीच भिंत मुद्दाम उभी करावी. पाहुण्यांसाठी राउटरचं गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा, त्यातली उपकरणं घरच्या जाळ्यात पोचू देणारा पर्याय बंद ठेवा. टीव्ही चुकून गेस्टवर जोडला गेला तर त्याला घरचा संगणक दिसणार नाही. तो बिघाड नव्हे, टीव्हीला घरच्या वाय-फायवर आणा. आणि बाहेरून फोटो बघायचे म्हणून राउटरमध्ये ४४५ पोर्ट इंटरनेटला उघडं करून देऊ नका; त्यासाठी व्हीपीएन वापरा.

जूनच्या आधी राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा डीसी यूपीएस लावला, तर वर सांगितलेल्यातली क्रम चुकण्याची भानगड बरीचशी उद्भवतच नाही. घेताना अडॅप्टरवरचा छापील मजकूर वाचा: व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. एकाच यूपीएसवर दोन्ही डबे लावायचे असतील तर दोघांच्या अँपिअरची बेरीज धरा, आणि दोघांचे व्होल्ट वेगळे निघाले तर त्या-त्या व्होल्टची स्वतंत्र पिन असलेलाच यूपीएस घ्या.