बालदंत आपत्ती
मुलाचा दात मार लागून पडणे, तुटणे, हलणे किंवा हिरडीत रुतणे, तसेच किडलेल्या दाताला ठणका लागून सूज येणे, या तातडीच्या स्थितींना बालदंत आपत्ती म्हणतात. उपचार ठरतो तो मुख्यतः एका प्रश्नावर : दात दुधाचा की कायमचा?

दुधाचे दात २० व कायमचे ३२. संस्कृतात दाताला ‘द्विज’ (दोनदा जन्मणारा) म्हणतात, पण सगळेच दात दोनदा येत नाहीत. काश्यपसंहिता या आयुर्वेदातील बालरोगविषयक ग्रंथाच्या दंतजन्मिक अध्यायात ३२ पैकी आठ दात एकदाच उगवणारे व उरलेले द्विज सांगितले आहेत. आधुनिक गणतीत एकदाच येणाऱ्या दाढा १२ भरतात. ही संहिता नेपाळातील खंडित हस्तलिखितावरून १९३८ मध्ये छापली गेली. तिचा काळ अनिश्चित असून वृद्धजीवकाने संक्षेपलेला व पुढे वात्स्याने संस्कारलेला पाठ आज मिळतो. त्यामुळे चारचा फरक पाठदोषाने पडला असणे शक्य आहे. मात्र सहाव्या वर्षी येणाऱ्या चार दाढा दुधाच्या समजल्या गेल्या असाव्यात, हे अधिक संभवनीय वाटते. या दाढा दुधाच्या दाढांमागे, कोणताही दात न पडता येतात. आजही पालक त्यांना दुधाच्याच समजतात आणि कीड लागली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून थांबतात.

समोरचे कायमचे दात साधारण सहा ते नऊ वर्षांच्या दरम्यान येतात. मुळासकट निखळलेला कायमचा दात पुन्हा खोबणीत बसवता येतो. तो टिकणे मुळावरच्या तंतुमय आवरणातील पेशी जिवंत राहण्यावर अवलंबून असते, आणि त्या कोरड्या हवेत तासाभरात बहुतांशी मरतात. डेन्मार्कमधील आंद्रेआसेन व योर्टिंग-हान्सेन यांनी १९६६ मध्ये पुन्हा बसवलेल्या ११० दातांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ३० मिनिटांच्या आत बसवलेल्या दातांपैकी सुमारे ९० टक्के दातांची मुळे झिजली नाहीत. दोन तासांनंतर बसवलेल्या जवळजवळ सर्व दातांची झिजली. म्हणून दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये. माती लागली असल्यास दुधाने किंवा क्षणभर नळाच्या धारेखाली धुवावा, घासू नये. शक्य तर लगेच जागी बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगावे. ते जमत नसल्यास दात थंड दुधात ठेवून दंतवैद्याकडे न्यावा. साध्या पाण्यात ठेवल्यास पेशी फुगून फुटतात. दंतवैद्य दात लवचिक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात; धनुर्वाताची लस झाली आहे का, हेही पाहिले जाते.

दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये. त्याच्या मुळाशी वाढत असलेल्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते. हिरडीत रुतलेला दुधाचा दात बहुधा आपोआप खाली येतो. तुटलेला तुकडा जपून न्यावा, कायमच्या दाताचा असल्यास तो अनेकदा चिकटवता येतो.

खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निंबाच्या फांद्यांना झोके बांधतात. झोक्याची फळी समोरच्या दातांवर बसणे किंवा धाब्याच्या घरावरून मूल पडणे, अशा प्रसंगी हे ज्ञान लगेच लागते. पडलेला दात उंदराच्या बिळात टाकण्याची किंवा छपरावर फेकण्याची रीत दुधाच्या दातापुरती निरुपद्रवी आहे. मार लागून निखळलेला कायमचा दात तसा फेकला गेला, तर तो वाचवण्याची संधीच जाते. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे, पण धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यातील पाड्यांहून तासाभरात तिथे पोहोचणे अशक्यच. अशा पाड्यांवर दात जागेवरच बसवणे किंवा घरातले दूध, हाच खरा पहिला उपचार ठरतो. शाळेतील शिक्षक आणि आशा सेविकांना एवढे तरी शिकवलेच पाहिजे.

प्रतिबंधासाठी तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी व पुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, रात्री बाटली तोंडात ठेवून न झोपवणे, पहिल्या वाढदिवसाच्या आत दंततपासणी आणि पुढे आलेल्या दातांवर वेळीच उपचार सुचवले जातात.

ठणक्यावर हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवल्यास हिरडी भाजते. मार लागल्यावर शुद्ध हरपली, उलट्या झाल्या, किंवा सूज डोळ्याकडे वा हनुवटीखाली पसरून ताप येऊ लागला, गिळणे अवघड झाले, तर दाताचा विचार बाजूला ठेवून मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.