अस्सल विंचेस्टर, पण मूळ आहे का?

विंचेस्टरसारख्या जुन्या लिव्हर-ॲक्शन (घोड्याखालची कडी खाली-वर करून काडतूस भरायच्या) रायफलींच्या बाजारात अमेरिकी संग्राहक ‘ओरिजिनल’ या एकाच शब्दावर सगळं भागवतात, आणि निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात. मराठीत आपली सोय आहे: अस्सल वेगळं, मूळ वेगळं. समजा, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या विंचेस्टर कारखान्यात 1896 साली एक 94, म्हणजे 1894 च्या मॉडेलची रायफल, घडली. पंधरा वर्षांनी मालकाने ती कारखान्याकडेच परत धाडली, तिथे नळी बदलली, ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) नव्याने चढलं. तुकडा न तुकडा विंचेस्टरचा, म्हणजे रायफल अस्सल. पण पहिल्या गिऱ्हाइकाला मिळाली तशी ती राहिली नाही, म्हणजे मूळ नाही.

1860 ची हेन्री, 1866 ची पिवळी ‘यलो बॉय’, 1873 ची .44-40 काडतुसाची रायफल यांची कुळकथा वाचकांना पाठ असेल. लक्षात ठेवायचं ते एवढंच की ही कामाची हत्यारं होती. घोड्यावरून पडून दस्ता मोडला की दुसरा बसवायचा, नळीतल्या आट्या झिजल्या की नळी बदलायची. मूळपणाची फिकीर कुणालाच नव्हती.

ती आली पैसा आल्यावर. 1870 च्या दशकात कारखान्याने नेमबाजीत सरस ठरलेल्या नळ्यांच्या मोजक्या रायफलींवर ‘वन ऑफ वन थाउजंड’ अशी अक्षरं कोरून त्या चढ्या दराने विकल्या. 1873 च्या मॉडेलमध्ये अशा जेमतेम सव्वाशे-दीडशे. 1950 साली हॉलिवूडच्या एका चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी त्या शोधायची मोहीम निघाली आणि अडगळीतल्या बंदुकीला किंमत असते हे घरोघरी कळलं. नकली कोरीवकामालाही मग गिऱ्हाईक मिळालं.

सगळ्यात जास्त वाद ज्या खुणेवर होतो ती आहे लंबगोलातली ‘डब्ल्यूपी’ ही प्रूफची, म्हणजे कारखान्याने बंदूक डागून तपासल्याची मोहोर. ती 1905 पासून उठू लागली. त्याआधीच्या रायफलीवर ती असायचं कारणच नाही. म्हणून 1890 च्या दशकातल्या सिरीयल नंबरवर ही मोहोर दिसली की एक गट लगेच म्हणतो, नळी बदललेली आहे, अर्धी किंमत बोला. दुसऱ्या गटाचं म्हणणं, रायफल दुरुस्तीला कारखान्यात परत गेली असेल आणि तिथे मोहोर पडली असेल. कारखान्याचाच हात लागला तर तो इतिहासाचा भाग, डाग नव्हे. निवाड्यासाठी कारखान्याची खातेवही उघडावी, तर नोंद असते ‘आर अँड आर’ आणि एक तारीख. परत आली, दुरुस्त झाली. काय दुरुस्त केलं, ते बहुधा नसतंच. माझा कल पहिल्या गटाकडे. कारखान्याने केलं म्हणून नवं ब्लूइंग जुनं होत नाही.

या वह्या आज वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात आहेत आणि शुल्क भरल्यावर नोंदीचं पत्र मिळतं. पण 94 च्या नोंदी साडेतीन लाखांच्या आसपासच्या नंबरपर्यंतच पोचतात. शिवाय नंबर ठोकल्याची तारीख एक, माल रवाना झाल्याची दुसरी. अमेरिकेचा 1968 चा कायदा 1898 पर्यंत बनलेल्या बंदुकीला अँटिक मानतो, तेव्हा या दोन तारखांमधलं अंतर नुसतं हौशी लोकांचं राहत नाही.

वही संपली की डोळे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बऱ्याच 94 च्या रिसीव्हरवरचं (नळीमागच्या, यंत्रणा सामावणाऱ्या धातूच्या सांगाड्यावरचं) ब्लूइंग पोपडे धरून निघतं. नवख्याला तो दोष वाटतो, जाणत्याला दिलासा. मूळ लाकूड धातूपेक्षा केसभर उंच असतं. घासलेलं असेल तर खाली बसतं. 1886 च्या मॉडेलच्या रिसीव्हरवर 1901 च्या सुमारापर्यंत केस-हार्डनिंगचे (धातूचा पृष्ठभाग कडक करण्याच्या प्रक्रियेचे) ढगाळ रंग येत. ते आज भडक दिसले तर आधी शंका घ्यावी. स्क्रूच्या खाचा चिरलेल्या नकोत, दुर्बीण बसवायला पाडलेली भोकं तर नकोतच. आणि चकचकीत करण्याचा मोह? जुनं नाणं चिंचेने घासणाऱ्याला नाण्यांचा व्यापारी जसा बघतो, तसंच इथे बघतात.

1964 साली कारखान्याने खर्च वाचवायला 94 ची घडणच बदलली. ठोकळ्यातून कातलेल्या कॅरिअरच्या (काडतूस नळीकडे उचलणाऱ्या भागाच्या) जागी पत्र्याचा आला, स्क्रूंच्या जागी पोकळ पिना आल्या, आणि रिसीव्हरचा मिश्रधातू असा निघाला की नेहमीचं ब्लूइंग त्यावर धरेना. ‘प्री-64’ हा शब्द तिथून आला. त्याच्या जोरावर 1950 च्या दशकातल्या ढिगाने बनलेल्या साध्या 94 सुद्धा दुर्मीळ म्हणून मिरवतात, हे अंमळ अतीच.

लिव्हर-ॲक्शन रायफली बनवणाऱ्या मार्लिन या दुसऱ्या कंपनीतही हीच गोष्ट पुन्हा घडली. 2007-08 मध्ये कंपनी रेमिंग्टन या बंदूक कंपनीकडे गेली, कनेक्टिकटचा कारखाना पुढे बंद पडला, आणि नळीवरच्या जुन्या कारखान्याच्या ‘जेएम’ मोहोरेला भाव चढला. त्या मार्लिनना 1980 च्या दशकापासून आडवी सेफ्टीची कळ आहे. ती डोळ्यांत खुपते म्हणून हल्ली ती काढून तिथे खोटा स्क्रू बसवायचे जोड मिळतात. रायफल जुनी दिसू लागते, आणि कारखान्यातून आलेला एक भाग कमी होतो.