दोन सिलिंडर आणि एका टाकीचा पल्ला : पार्श्वभूमी

सोलापूरहून पुणे साधारण 250 किलोमीटरवर आहे आणि हैदराबाद 300 किलोमीटरच्या थोडे पलीकडे. दोन सिलिंडरची, वेगासाठी घडवलेली मोटारसायकल घेऊ पाहणाऱ्या सोलापूरकराचा पल्ल्याचा हिशोब या दोन अंतरांवर येऊन ठेपतो. टाकी फुल करून निघाल्यास वाटेत पेट्रोल न भरता पुणे गाठता येते का, आणि हैदराबाद गाठता येते का? पुणे गाठता येते, हैदराबादच्या वेळी मात्र शेवटच्या टप्प्यात पंप शोधावा लागेल असे धरून चालावे, हे आजचे उत्तर आहे. विशेष म्हणजे 1980च्या दशकात राजदूत 350 चालवणाऱ्यालाही जवळपास हेच उत्तर मिळाले असते. मधल्या चार दशकांत इंजिनातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलली, तरी पल्ला मात्र 300 किलोमीटरच्या आसपासच घुटमळत राहिला.

यामाहाच्या आरडी 350 या मॉडेलवर आधारलेली राजदूत 350 ही मोटारसायकल एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 मध्ये बाजारात आणली. 347 सीसीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर ही त्या काळच्या भारतीय रस्त्यावर अपूर्वाईची गोष्ट होती. (जावा आणि येझदीच्या 250 सीसी गाड्यांना दोन सायलेन्सर असत, त्यामुळे त्या दोन सिलिंडरच्या आहेत असे अनेकांना वाटे, प्रत्यक्षात त्यांचे सिलिंडर एकच होते.) राजदूतची टाकी सुमारे 16 लिटरची होती आणि हात राखून चालवली तर ती लिटरला 20 ते 25 किलोमीटर जाई. थ्रॉटल मोकळा सोडला की हा आकडा झपाट्याने खाली येई, कारण टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम आत येणारे ताजे मिश्रणच करते आणि त्या गडबडीत पेट्रोलचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. म्हणजे टाकीतले काही पेट्रोल चाकापर्यंत पोहोचतच नसे. शिवाय ऑइलची टाकी वेगळी, आणि त्याचा खर्चही वेगळा.

पेट्रोल फार पिते या तक्रारीची दखल कंपनीलाही घ्यावी लागली. सुमारे 30 अश्वशक्तीचे मूळ इंजिन पुढे 'हाय टॉर्क' म्हणून ओळखले जाऊ लागले आणि त्याच्या जोडीला सुमारे 27 अश्वशक्तीची, पेट्रोल कमी पिणारी 'लो टॉर्क' आवृत्ती आली. आजही जुनी राजदूत विकत घेणारा हौशी माणूस हाय टॉर्कच शोधतो, हे त्या तडजोडीविषयी पुरेसे सांगून जाते. मात्र ज्या बाजारात ही तडजोड करावी लागली, तो बाजार 1985 मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी 100 या गाडीने पुरता बदलून टाकला. एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन आणि लिटरला 80 किलोमीटरचा दावा यांपुढे दोन सिलिंडरची बाजू मांडायला कोणी उरले नाही. दशक संपता संपता राजदूत 350चे उत्पादन थांबले, आणि त्यानंतरची सुमारे वीस वर्षे या देशात मोटारसायकल म्हणजे ॲव्हरेज असेच समीकरण राहिले.

ॲव्हरेजचा तो छापील आकडा कसा काढला जाई, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. दुचाकींसाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय चाचणीचक्रात गाडी प्रयोगशाळेतील रोलरवर चालवली जाई; त्यात सर्वाधिक वेग ताशी 42 किलोमीटर होता आणि सरासरी वेग ताशी 22 किलोमीटरच्या आसपास. शंभर सीसीच्या गाडीला हा वेग मानवतो. मोठ्या दोन सिलिंडरच्या इंजिनाला मात्र तो सर्वांत महाग पडतो, कारण थ्रॉटल जेमतेम उघडलेला असताना हवा ओढून घेण्यात आणि पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह यांच्या घर्षणात खर्च होणारी शक्ती चाकाला मिळणाऱ्या शक्तीच्या तुलनेत फार मोठी ठरते. पुढे बीएस-4 या प्रदूषण-मानकांच्या काळात जागतिक चाचणीचक्र लागू झाले, ज्यात वेगवान टप्पेही आहेत, आणि कागदावरचा आकडा रस्त्याच्या थोडा जवळ आला.

दोन सिलिंडरच्या स्पोर्ट मोटारसायकली परतल्या त्या 2009 मध्ये, बजाजने कावासाकी निन्जा 250 आर विक्रीस आणली तेव्हा. तिची टाकी 17 लिटरची होती, आणि 2013 मध्ये तिच्या जागी आलेल्या निन्जा 300चीही तेवढीच. लिटरला 25 किलोमीटर धरले तरी 400चा आकडा सहज ओलांडला जातो; या सगळ्या मालिकेत सोलापूरहून हैदराबाद एका टाकीत, तेही निश्चिंतपणे, गाठून देणारी हीच एक. सातारा जिल्ह्यात वाई येथे गरवारे मोटर्सने 2011 पासून जुळणी केलेल्या ह्योसंग जीटी 650 आर या व्ही-ट्विन (इंग्रजी V आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरच्या) गाडीलाही मोठी टाकी होती, पण 650 सीसीच्या त्या इंजिनाची तहानही मोठी होती.

नोव्हेंबर 2018 मध्ये रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर 650 आणि कॉन्टिनेन्टल जीटी 650 या गाड्या आल्या. 648 सीसीच्या इंजिनातून जेमतेम 47 अश्वशक्ती घेण्याचा, म्हणजे इंजिनाला न पिळता मधल्या वेगात ताकद ठेवण्याचा मार्ग कंपनीने निवडला, आणि त्याचे फळ म्हणून महामार्गावर संयमाने चालवल्यास लिटरला 25 किलोमीटरच्या आसपासचे ॲव्हरेज मिळू लागले. एवढ्या मोठ्या इंजिनासाठी हा आकडा चांगलाच म्हणावा लागेल. पण इंटरसेप्टरची टाकी 13.7 लिटरची आणि जीटीची 12.5 लिटरची. डिसेंबर 2023 मध्ये आलेल्या एप्रिलिया आरएस 457 गाडीने जवळपास तेवढीच अश्वशक्ती 457 सीसीमधून, चढ्या फेऱ्यांवर काढली. तिची टाकी 13 लिटरची आहे. गुणाकार केला की जीटी आणि आरएस दोन्ही 300 ते 325 किलोमीटरवर येऊन थांबतात. राजदूतपासून आजपर्यंत ॲव्हरेजमध्ये जी काही थोडीफार भर पडली, ती टाकीच्या आकारात वजा झाली.

टाक्या लहान होण्याला फक्त दिखाऊपणा कारणीभूत नाही. जुन्या गाडीत कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, सिलिंडरच्या मागे आणि एअर फिल्टर सीटखाली असे, त्यामुळे टाकीच्या पत्र्याखाली पेट्रोलच असे. आजच्या अनेक स्पोर्ट मोटारसायकलींत बाहेरून टाकी दिसणाऱ्या भागाखाली हवेची मोठी पेटी दडलेली असते, आणि इंधनाचा पंपही टाकीच्या आतच बसवलेला असतो. तरीही चालवणाऱ्याच्या गुडघ्यांना जागा राखून आणखी दोन लिटर बसवता आले असते, असे माझे मत आहे. दोन लिटर पेट्रोलचे वजन दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे वजनाची सबब फार टिकत नाही.

इंजिनाच्या बाजूने झालेली खरी सुधारणा इंधन मोजण्यात आहे. एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर कार्ब्युरेटर नव्या दुचाकींमधून जवळजवळ नाहीसा झाला. कार्ब्युरेटरचे जेट एकदा बसवले की बाहेर सोलापूरचे मे महिन्यातले 43 अंश असोत की डिसेंबरची पहाट, पेट्रोल सोडण्याचे त्याचे माप फारसे बदलत नसे, आणि तापलेल्या विरळ हवेत मिश्रण गरजेपेक्षा दाट होई. पेट्रोल मोजून फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर स्थिर वेगात हे प्रमाण सतत सुधारतो आणि थ्रॉटल पूर्ण सोडल्यावर इंधन बंदही केले जाते.

ही कमाई रस्त्याने खाल्ली. 1980च्या दशकात पुणे-सोलापूर रस्ता, म्हणजे तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग 9 आणि आताचा 65, दुपदरी होता. उसाच्या बैलगाड्या, ट्रक आणि गावोगावचे स्टँड यांतून वाट काढताना ताशी 60-70च्या पुढे फार वेळ जाता येत नसे. चौपदरीकरणानंतर टेंभुर्णी-मोहोळच्या सरळ, सपाट पट्ट्यात गाडी 110-120 वर तासभर ठेवणे शक्य झाले. चौपदरी महामार्गावर मोटारसायकलची कायदेशीर मर्यादा ताशी 80 आहे, हे इथे नोंदवणे भाग आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : 80 वरून 120 वर गेल्यास तो सव्वादोनपट होतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती जवळपास साडेतीनपट. माळरानावर समोरून वारा असेल तर हिशोब आणखी बिघडतो, कारण इंजिनाला झुंजावे लागते ते गाडी आणि वारा यांच्या एकत्रित वेगाशी. एकाच गाडीचे दोन चालक पुण्याहून वेगळाच आकडा घेऊन येतात, त्यामागचे मोठे कारण हेच आहे.

अलीकडच्या काळात यात इथेनॉलची भर पडली, आणि हा विषय सोलापूर जिल्ह्याला घरचा आहे, कारण राज्यात साखर कारखान्यांची संख्या ज्या जिल्ह्यांत सर्वाधिक आहे त्यांत हा जिल्हा मोडतो आणि अनेक कारखाने उसापासून इथेनॉल तयार करतात. देशाने 2022 मध्ये पेट्रोलमध्ये 10 टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांचा. एक लिटर इथेनॉलमधून मिळणारी ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते, म्हणून पल्ला घटणे अटळ आहे. ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, वापरल्यास मूळ शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि नंतर 10 टक्के मिश्रणाशी जुळवलेल्या दुचाकींचे ॲव्हरेज 3 ते 4 टक्क्यांनी कमी होईल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यात दिला होता. 320 किलोमीटरच्या पल्ल्यात ही घट 10 ते 13 किलोमीटरची भरते. पुण्याच्या फेरीत ती जाणवणार नाही. हैदराबादच्या फेरीत जाणवेल.

पल्ल्याचा शेवटचा भाग कसा वापरायचा, हेही बदलले आहे. जुन्या गाडीत इंजिन फडफडू लागले की चालत्या गाडीवर डावा हात खाली नेऊन कॉक रिझर्व्हवर फिरवला जाई, आणि टाकी कोरडी पडेपर्यंत चालवण्यात यंत्राचे फारसे नुकसान नसे. आता कॉक नाही, दिवा लागतो. टाकीतल्या इंधन पंपाला थंडावा त्याच पेट्रोलमधून मिळतो, त्यामुळे तळ गाठेपर्यंत गाडी दामटणे पंपाच्या आयुष्याला मारक ठरते, आणि 13 लिटरच्या टाकीपैकी व्यवहारात 11 लिटरच हिशोबात धरणे शहाणपणाचे आहे. लिटरला 25 धरल्यास ते 275 किलोमीटर होतात, म्हणजे पुणे आणि वर शहरातल्या वाहतुकीपुरते 25.